नोंदीत नसलेला मजला

आमच्या घराच्या मालमत्ता कराच्या बिलावर एक रकाना आहे, शिक्षण कर. अहमदपूरला नगरपरिषदेचा माणूस दरवर्षी ते बिल आणून देतो आणि दरवर्षी मी तो रकाना वाचून हसते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सव्वीस वर्षं झाली. म्हणजे शिक्षणासाठीचा कर मी भरते, शिकवतेही मीच आणि खडू संपले की दुकानातून तेही मीच आणते. हा कर नगरपरिषद गोळा करते खरी, पण तिच्याकडे राहत नाही. वर सरकारच्या तिजोरीत जातो. तिथून पुढं कुठं जातो ते मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या शाळेकडं तो कधी फिरकला नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते.

माझं माहेर देगलूरचं. तिकडची माणसं मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तीन भाषांत भांडू शकतात, तेव्हा माझं तोंड असं का, हे सासरच्यांनी कधी विचारलं नाही. नवरा एवढंच म्हणायचा, की शाळेतला राग शाळेत ठेवून येत जा. शाळेत तो ठेवायला जागा कुठं होती? दोन खोल्या होत्या सगळ्या मिळून.

अहमदपूरहून लातूरच्या दिशेनं निघालेल्या एसटीतून फाट्यावर उतरायचं आणि दीड किलोमीटर आत चालायचं, की माझी शाळा. पहिली ते चौथी. मी आणि एक सर, असे दोघं. सरांचा अर्धा दिवस मोबाईलवर माहिती भरण्यात जायचा. आज किती मुलं आली, किती जेवली, किती जणांनी हात धुतले, हात धुतानाचा फोटो. फोटो नीट गेला नाही तर मुलांनी पुन्हा हात धुवायचे. हात एवढे स्वच्छ असलेली आणि पाढे एवढे कच्चे असलेली पिढी मी दुसरी पाहिलेली नाही.

तिसऱ्या होत्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण पोरं मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायची. त्यांना सरकार देत असलेलं मानधन सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी वाढवून किंवा कमी करून सांगतेय, म्हणून सांगत नाही. तेही तीन-तीन महिने यायचं नाही. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, सहा महिने घराबाहेर. मोठी मुलगी चौथी झाल्यावर घरी बसली, कारण पुढची शाळा नाल्यापलीकडच्या गावात, आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की पोरगी तिकडंच अडकायची. धाकटी दुसरीत होती. प्रश्न विचारायच्या आधीच हात वर करणारी. मावशी खिचडी ढवळता ढवळता दारातून तिच्याकडं बघायच्या आणि मला म्हणायच्या, "बाई, हिचं तसं व्हायला नको. शाळा हितंच राहू द्या म्हंजे झालं."

शाळा माझ्या हातात असल्यासारखं त्या बोलायच्या. मला बरं वाटायचं.

आता घरपट्टीचं सांगते. गावातल्या घरांची दर चार वर्षांनी नव्यानं मोजणी करून पट्टी ठरवायची असते. तीनेक वर्षांपूर्वी तशी मोजणी निघाली आणि ग्रामसेवक शाळेत येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं अक्षर लई सुंदर हाय. दोन दिवस रजिस्टरला बसा की." मी आजवर माणसं मोजली होती, मतदार मोजले होते, संडास मोजले होते. घरं तेवढी राहिली होती. गेले.

मोजणीच्या आदल्या दिवशी काय करायचं असतं ते या गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. स्लॅबच्या कडेनं कडब्याच्या पेंढ्या लावून ठेवायच्या. फरशीच्या बैठकीत दोन शेळ्या बांधायच्या. रंगवलेल्या भिंतीवर बारदान टाकायचं. एकाचं तर तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं निळे-पिवळे खांब. त्यानं दारात पत्रा आडवा लावला होता आणि म्हणत होता, हा गोठा हाय. आत भिंतीवर हा एवढा मोठा टीव्ही. मी विचारलं, गोठ्यात टीव्ही कशाला?

"म्हशीला करमत न्हाई, बाई."

सगळे हसले. मीही हसले. ग्रामसेवक म्हणाला, लिहा मॅडम, गोठा. मी लिहिलं. प्रत्येक घरी चहा होता, चिवडा होता, आणि कुणी कुणाला पैसे दिले-घेतले असं मी पाहिलं नाही. हा नुसता गावाचा रिवाज. संध्याकाळपर्यंत पन्नासेक स्लॅबच्या घरांची माझ्या सुंदर अक्षरात माळवदं झाली होती, म्हणजे मातीच्या धाब्याची घरं, आज्याच्या काळातली. पंचायतीच्या दप्तरात आमचं गाव अजून निजामाच्या राज्यात राहतं.

घरी येऊन मी हे नवऱ्याला रंगवून सांगितलं. म्हशीच्या टीव्हीवर तो हसला नाही. का हसला नाही ते मला लगेच कळलं आणि मी विषय बदलला. आम्ही त्याच्या आधीच्या वर्षी घरावर मजला चढवला होता. नगरपरिषदेचा मोजणीवाला आला तेव्हा नवऱ्यानं त्याला खाली बसवून घेतलं, आणि त्या मजल्याची नोंद गच्ची अशी झाली. पोहे मी केले होते. शेव जरा जास्तच घातली होती.

त्या मजल्यावर आम्ही भाडेकरू ठेवले. कोण, ते पुढं सांगते. आत्ताच सांगायची लाज वाटते.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी आम्ही शाळेचं कुलूप उघडलं तर मोठ्या खोलीच्या छताचा गिलावा खाली आला होता. लोखंडाच्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. सर्वांत मोठा तुकडा पडला होता तो पुढच्या रांगेत, मावशींची धाकटी बसते तिथं. रविवारी पडला म्हणून आज हे लिहितेय. मावशींनी तो तुकडा दोन्ही हातांनी उचलला, वजनाचा अंदाज घेतला आणि बाहेर नेऊन टाकला. त्या दिवशी खिचडीत मीठ पडलं नव्हतं. कुणीच तक्रार केली नाही.

मी पंचायत समितीत गेले. तिथल्या साहेबांनी खोलीबद्दल काही विचारलं नाही.

"पट किती?"

"एकोणीस."

"वीसच्या आत. मग दुरुस्तीचं नाव काढू नका. अशा शाळा शेजारच्या शाळेत मिळवायचं चाललंय. मोडायच्या शाळेवर कोण खर्च करतंय?"

"गेल्या वर्षी एकवीस होता, साहेब."

"मग दोन गेले कुठं?"

मी खाली बघितलं. त्यांना वाटलं मी खचले. ते जरा मऊ झाले आणि म्हणाले, "लोकसहभागातून करून घ्या खोली. एप्रिलच्या अहवालात खोली चांगली दाखवा, पट वीसच्या वर दाखवा. तुमचं गाव यादीतून काढायचं बघतो."

लोकसहभाग हा सरकारी कोशातला सगळ्यात गोड शब्द आहे. द्यायचं असतं तेव्हा त्याला अनुदान म्हणतात आणि ते उशिरा येतं. द्यायचंच नसतं तेव्हा लोकांना सहभागी करून घेतात. कर घेताना मात्र कुणी म्हणत नाही की यंदा सरकारसहभागातून भागवून घ्या.

तिथून सरपंचांकडं. ते स्वतःच्या नव्या स्लॅबखाली खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "पंचायतीकडं पैसा कुठून येणार, बाई? घरपट्टीच किती येती? समदी माळवदं हायत गावात." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मी वर बघितलं. त्यांनीही वर बघितलं. स्लॅब जागेवर होता.

त्याच महिन्यात फाट्यावर कमानीचं काम जोरात सुरू होतं. गावात येताना स्वागत करणारी, दोन खांब, वर कळस, मधे नाव. पैसा वरून आला होता. पारापुढं पेव्हर ब्लॉकही टाकून झाले होते, ज्यांवर उन्हाळ्यात पाय ठेवता येत नाही. मी सरपंचांना म्हटलं, यातलाच थोडा शाळेला लावा.

"न्हाई लावता येत. ते हेड येगळं हाय."

"शाळेच्या हेडला काय आलंय?"

"त्या हेडला काय बी न्हाई."

माझ्या आयुष्याची सव्वीस वर्षं या हेडांनी खाल्ली आहेत. रंगाचा पैसा आला तेव्हा भिंतीला भेगा होत्या, पण दुरुस्तीचं हेड नव्हतं, म्हणून आम्ही भेगा रंगवल्या. संगणक आला तेव्हा वीज तोडलेली होती, कारण बिलाचं हेड नव्हतं. तो खोक्यातच म्हातारा झाला. एकदा बागेचा पैसा आला. पाण्याचं हेड नव्हतं. सरांनी फोटो काढायच्या आधी मुलांकडून वाळलेल्या रोपांवर बाटलीभर पाणी ओतून घेतलं आणि तो फोटो वर पाठवला.

प्रजासत्ताक दिनाला झेंडा झाल्यावर पंचायतीपुढं ग्रामसभा भरली. मी तयारीनं गेले होते. ग्रामसेवकाकडून रजिस्टर मागून घेतलं आणि उभी राहून माझंच अक्षर मोठ्यानं वाचायला लागले. गोठा. माळवद. माळवद. गोठा. पहिल्या पाच-सहा घरांना लोक हसले. मग ज्याचं त्याचं घर येऊ लागलं तसं हसू थांबलं. मी म्हटलं, तुमच्या घरावर स्लॅब, तुमच्या पोरांच्या डोक्यावर गंजलेल्या सळया. खरी पट्टी एक वर्ष भरा, एक खोली उभी राहील. शाळा गेली तर ही कमान कुणाच्या स्वागताला ठेवणार आहात? बरंच बोलले. देगलूर सगळं बाहेर आलं. मला माझं बोलणं आवडत होतं, हे कबूल करते.

टीव्हीच्या गोठ्याचा मालक उठला. "पट्टी वाढवून देऊ की. पण तो पैसा शाळंलाच लागंल, कमानीला न्हाई, ह्याची ग्यारंटी कोण देतंय? तुमी देता का बाई?"

मी सरपंचांकडं बघितलं. सरपंचांनी आभाळाकडं बघितलं.

तेवढ्यात मागं, बायकांच्या बाजूला, मावशी उभ्या राहिल्या. आमच्या गावच्या ग्रामसभेत बायका सही करायला येतात. बोलत नाहीत. मावशींनी पदर नीट केला.

"बाई, मी एक बोलू का? खोलीचं काय बी करू. आमी बाया मिळून करू, वर पत्रे टाकू. आमचे मालक ट्रॅक्टरवरून आल्यावर सळया झाकून घेतेत. खोलीची मला फिकीर न्हाई. पटाची हाय. एकोणीस लेकरं हायत. दोन तुमच्या माडीवर राहतेत. तेवढी परत द्या, बाई. एकवीस होतेत."

आता सांगावंच लागतं. आमचे भाडेकरू याच गावचे. खाऊन-पिऊन सुखी घर, बारा एकर बागायत. बाप शेतीसाठी गावात राहतो आणि दोन मुलांना घेऊन आई आमच्या माडीवर, कारण मुलांना अहमदपुरात इंग्रजी शाळेत घालायचं होतं. बापानं मलाच विचारलं होतं, बाई, एखादी चांगली जागा हाय का बघण्यात? होती. त्या दिवशी सकाळी मी शाळेत त्या दोन मुलांचे दाखले लिहून दिले आणि संध्याकाळी घरी त्यांच्या बापाला किल्ली दिली. दाखल्यावरचं अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं. पट एकवीसचा एकोणीस झाला हे मला त्याच दिवशी माहीत होतं. सोळा किलोमीटरवरच्या शाळेचा पट आणि माझ्या घरचं भाडं ही दोन निराळी हेडं आहेत, असं मी धरून चालले होते.

सभेत कुणी हसलं नाही. मावशी टोमणा मारत नव्हत्या. त्या खरंच मागत होत्या, शेजारणीकडं दिलेलं भांडं परत मागावं तसं. टोमणा मारला तो टीव्हीच्या मालकानं. माडीवरच्या मुलांचा तो सख्खा चुलता, त्याला आमच्या घराचं सगळं ठाऊक.

"आन् बाई, त्या माडीची पट्टी भरता का तुमी? का तिथं बी म्हसच बांधली म्हणून लिवलंय?"

आता सगळे हसले. मी रजिस्टर ग्रामसेवकाच्या हातात दिलं आणि खाली बसले.

त्या संध्याकाळी मी वर गेले. आई पोळ्या लाटत होती, मुलं टाय न सोडताच इंग्रजीतली कविता म्हणत होती. मी विषय काढला. म्हटलं, एक वर्षासाठी परत न्याल का गावात? शाळा वाचेल. ती बाई लाटणं थांबवून माझ्याकडं बघायला लागली.

"बाई, तुमची लेकरं कुठं शिकली?"

माझा मुलगा आणि मुलगी याच इंग्रजी शाळेत शिकले. मग लातूरला क्लासला ठेवले. मुलगी आता नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. मी सांगितलं. तिला मला बोल लावायचा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. म्हणाली, "मला बी सगळं तुमच्यावानीच करायचंय, बाई. लातूरला कोणता क्लास लावला होता?" मी क्लासचं नाव सांगून खाली आले.

नवऱ्याला म्हटलं, निदान वरच्या मजल्याची नोंद तरी करून घेऊ या. तो पेपर वाचत होता. "करू की. पण मला सांग, त्यातला एक रुपया तुझ्या शाळेला येणार आहे का?"

सकाळी टीव्हीच्या मालकानं विचारलं होतं तेच. उत्तर तेव्हाही नव्हतं, आत्ताही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर उत्तर नाही म्हणून मला आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. सरकारला शिव्या देण्याचा हा मोठा फायदा आहे, आपलं बिल तसंच राहतं. नोंद आम्ही केली नाही. अजूनही नाही.

बायांनी मात्र खोली केली. मार्चमध्ये मावशींनी दहा-बारा जणी जमवल्या. कुणाचे पत्रे, कुणाचे वासे. मावशींच्या नवऱ्यानं दोन दिवसांची सुट्टी काढून सळयांना खालून आधार दिला. टीव्हीच्या मालकानं दारात आडवा लावलेला तोच पत्रा आणून दिला, त्याचं मला आश्चर्य वाटलं. एप्रिलच्या अहवालात मी खोली चांगली लिहिली. पट एकोणीस लिहिला.

जूनमध्ये आदेश आला. शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत मिळवली. मुलांना जायला-यायला वाहनभत्ता मिळेल असं त्यात होतं. ते हेड उघडल्याचं अजून कुणाच्या ऐकण्यात नाही. काही मुलं नाला ओलांडून जायला लागली, काहींचे आईबाप अहमदपूर, रेणापूर बघायला लागले, चार-पाच घरी राहिली. सरांची बदली लांब झाली. माझी अहमदपूरच्या कडेच्या गावात झाली, रिक्षानं दहा मिनिटं. लोक म्हणाले, तुमचं तर भलंच झालं. झालंच.

फाट्यावरची कमान पूर्ण झाली आहे. एसटीतून दिसते.

जूनच्याच एका रविवारी मावशी आमच्या दारात उभ्या. धाकटी बरोबर, खांद्याला जुनंच दप्तर. मी आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, इथल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकाला लागलेय. हिला इथल्या नगरपरिषदेच्या शाळेत घातली. मोठी आजीजवळ राहील.

"तुमच्या जिन्याखालची खोली रिकामी हाय म्हणं. वरची बोलली. किती घेता?"

मी म्हटलं, मावशी, तुमच्याकडून भाडं नको.

"तसं कसं? वरची देतेत की. फुकट राहिलं की मानसाला बोलता येत न्हाई." त्यांनी पिशवीतून घडी केलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. तिथं त्या वर्षीचं मालमत्ता कराचं बिल पडलं होतं, त्याच्यावर. नवऱ्यानं आतून विचारलं, कोण आलंय?

धाकटी तोवर जिन्याखालची खोली बघून आली होती. भिंतीला हात लावून, वर छताकडं बघून. दारात उभं राहून तिनं नेहमीसारखा हात वर केला.

"बाई, आता शाळा इथंच भरणार का?"

"न्हाई गं," मावशी म्हणाल्या. "बाई आता आपल्या घरमालकीण हायत."

मी नोटा उचलल्या आणि किल्ली आणायला आत गेले.